मे महिना, सोलापूर आणि आईच्या अटी

मे महिन्यात सोलापूरला कुणी जातं का? महाबळेश्वर, गोवा, गेलाबाजार लोणावळा सोडून? ऑफिसात नुसतं नाव काढलं तरी लोक असं बघतात, जणू तुम्ही रजा टाकून तव्यावर झोपायला निघालाय. ‘सोलापूर? चादर!’ हा पहिला रिस्पॉन्स. ‘बाप रे, काय ऊन असेल!’ हा दुसरा. हीच मंडळी थंडीत मात्र गाड्या भरभरून हुरड्याला येतात, शेतात बाजेवर बसून फोटो काढतात, गूळ-शेंगा खिशात भरतात आणि संध्याकाळच्या आत परत.

हुरडा झक्कासच असतो, वाद नाही. पण सोलापूरच्या घराघरांत वर्षभराचं खाणं तयार होतं ते मार्च ते मे या तीन महिन्यांत. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, काळं तिखट, सगळं याच दिवसांत. कारण त्याला लागतं ते कोरडं, कडकडीत ऊन. आणि ते आमच्याकडे फुकट आणि भरपूर. म्हणून यंदा मी ठरवलं, ऑफिसातल्या गँगला मे महिन्यातच न्यायचं. एक शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. पारा ४३. येणार असाल तर या!

तिघं तयार झाले. एक मालवणचा, एक दिल्लीची आणि एक सदाशिव पेठेतला. नावं कशाला, आमच्या फ्लोअरवर त्यांना मालवण, दिल्ली आणि सदाशिव असंच म्हणतात. हैदराबादहून माझा धाकटा भाऊ येणार होता. त्याचा आणि माझा एक वेगळा अजेंडा होता, तो गँगला माहीत नव्हता. आई-बाबांना कायमचं पुण्याला आणायचं. हिंजवडीजवळ आठव्या मजल्यावरचा टूबीएचके आम्ही बघूनही ठेवला होता. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, खाली मेडिकल आहे. फक्त विषय काढायचा बाकी होता.

शुक्रवार: चार नावांची गाडी

आता मुंबई-सोलापूर वंदे भारत आहे, फेब्रुवारी २०२३ पासून धावतेय. एसी, चकाचक. पण आम्ही मुद्दाम हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पुण्याहून संध्याकाळी सुटते, रात्री सोलापूर. दिल्लीने विचारलं, हुतात्मा म्हणजे कोण? मग कुर्डुवाडी येईपर्यंत माझं लेक्चर.

मे १९३०. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. इंग्रजांचा कारभार काही दिवस जागेवर राहिला नाही. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. गावात चार हुतात्मा चौक आहे, त्यांचेच ते चार पुतळे. ही चार नावं एका दमात म्हणून बघा. सोलापूर कसं मिसळलेलं गाव आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. इथला माणूस एका वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन भाषा वापरतो आणि शेवटी ‘बे’ लावतो. जेवणाचंही तेच.

स्टेशनवर उतरलो तर रात्रीसुद्धा जमिनीतून वाफ येत होती. घरी आईने काही थाट केला नव्हता. पाटावर दही, कांदा, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड. सदाशिवने भाकरी हातात घेतली, ती मोडताना पापडासारखा आवाज झाला. ‘काकू, ही करपली का?’

‘करपली नाही बाळा, वाळली. मुद्दाम वाळवलीय.’

तर सांगते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी थापायची एकदम पातळ, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पार कडक होईस्तोवर ठेवायची. त्यात ओल म्हणून उरत नाही, त्यामुळे ती दिवसचे दिवस टिकते. शेंगाच्या चटणीचंही तसंच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ. मिक्सरमध्ये फिरवलं तर नुसता भुगा होतो. कांडलं तर दाण्यातलं तेल सुटतं आणि चटणी मऊ, चकचकीत, गोळा होण्याइतपत ओलसर होते. तिला फ्रीज नको, की भाजी नको. दुष्काळी गावाचं हे डोकं आहे. सोलापूर पर्जन्यछायेत. हिरवी भाजी कधी मिळेल, कधी नाही. पण भाकरी, चटणी आणि दही असलं की जेवण पूर्ण.

मालवणने चार भाकऱ्या खाल्ल्या. मासे कुठेत, हे विचारायचं तो विसरला.

शनिवार: पाच वाजता गच्चीवर

वीकेंडला पहाटे पाचला उठवल्याबद्दल मला शिव्या पडल्या. पण आईचा गहू तीन दिवस भिजला होता, रोज पाणी बदललं होतं, वाटून चीक निघाला होता. कुरडयांना पोरांची झोप पूर्ण होण्याची वाट बघता येत नाही.

चीक शिजवणं हे काम सोपं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ घालायचं, चीक ओतायचा आणि न थांबता ढवळायचं. जरा हात थांबला की गुठळी. सदाशिव जिमला जातो, त्याला ढवळायला लावलं. सात मिनिटांत त्याने पळी माझ्या भावाच्या हातात दिली. मग शेजारच्या काकू आल्या, पदर खोचला आणि गप्पा मारत मारत पंधरा मिनिटं ढवळलं.

आणि मग ते बक्षीस. शिजलेला गरम चीक वाटीत, वर तूप. दिल्ली पहिल्यांदा साशंक, मग गप्प, मग ‘थोडा और मिलेगा, काकू?’ ही डिश कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. वर्षातून एक-दोन सकाळी, त्याही फक्त कुरडया करणाऱ्याच्या घरी. उरलेला चीक सोऱ्यात भरून गच्चीवर स्वच्छ कापडावर गोल गोल पाडायचा. आठ वाजेपर्यंत शंभरेक कुरडया झाल्या. नऊला ऊन चटका द्यायला लागलं तसं आईने सगळ्यांना खाली पिटाळलं.

पुण्यात होत नाही का हे? होतं की. पण पुण्याच्या फ्लॅटला गच्ची म्हणजे सोसायटीची, आणि तिथे कुलूप. बाल्कनीत ऊन दोन तास. आणि जुलै लागला की पुण्याच्या हवेत कडक भाकरीसुद्धा चार दिवसांत वातड होते. मी डबा घट्ट बंद करून बघितलंय, टिश्यू पेपर घालून बघितलंय. सोलापूरचं ऊन डब्यात भरून नेता येत नाही.

दुपारी कुणी घराबाहेर पडायचं नाही, हा गावचा नियम. ताकात कुस्करलेली भाकरी, कांदा, कैरीची फोड आणि कूलरसमोर लोळण. गँग घोरायला लागली तेव्हा भावाने माझ्याकडे बघून मान हलवली. विषय काढू? मी नको म्हटलं. बाबा जागे होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बाबांना उन्हात चक्कर आली. वय एकाहत्तर. दुपारी एकला बँकेतून चालत येत होते. या वयात तहान लवकर कळत नाही आणि शरीरही पूर्वीसारखं थंड होत नाही, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. रस्त्यात रसवंतीवाल्याने त्यांना डगमगताना बघितलं, सावलीत बसवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि आईला फोन केला. मला कळलं रात्री साडेआठला, मीटिंग संपल्यावर. त्या दिवसापासून मी आणि भाऊ फ्लॅट शोधतोय.

म्हणजे बघा, जे ऊन आईची कुरडई वाळवतं, त्याच उन्हाने बाबांना खाली बसवलं.

शनिवार संध्याकाळ: तळं, चौपाटी आणि सावजी

सहानंतर सोलापूर जागं होतं. आम्ही सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. पाण्यात मधोमध देऊळ, बाजूला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून हे तळं बांधलं असं मानतात. दुष्काळी गावाचं ग्रामदैवत तळं खोदणारा संत आहे, हे मला लहानपणापासून भारी वाटतं.

मग रसवंती. तीच. बर्फ कमी, आलं-लिंबू जास्त. बाबांना बघताच मालकाने स्टूल पुढे केलं. ‘बसा की वो मालक. टोपी कुठाय?’ बाबांनी निमूटपणे पिशवीतून टोपी काढून दाखवली. मी वर्षभर फोनवर ‘टोपी घाला’ म्हणून कंटाळले, आणि इथे एक शब्दात काम.

पार्क चौपाटीवर भेळ, पाणीपुरी, आईस्क्रीम आणि अर्धं गाव. दिल्लीच्या पाणीपुरीबद्दल ठाम कल्पना आहेत, त्यामुळे तिथे अर्धा तास गेला. मुंबई-पुण्याच्या मानाने बिल बघून मालवणने दोनदा विचारलं, ‘नक्की पाच जणांचं?’

रात्री सावजी. सावजी म्हटलं की सगळ्यांना नागपूर आठवतं. पण सोलापूर-हुबळीकडेही सावजी खाणावळी आहेत, त्याही विणकर समाजातूनच आलेल्या. साधी बाकडी, स्टीलची ताटं. सुकं मटण, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीची भाकरी. पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला घाम, तिसऱ्याला सवय. मालवण म्हणाला, आमच्याकडे नारळ तिखट सांभाळून घेतो, इथे सांभाळणारं कुणीच नाही. सदाशिव शाकाहारी, त्याने आधीच घरी आईच्या हातच्या चकोल्या खाल्ल्या होत्या. वरणफळं म्हणा हवं तर, पण आमच्याकडे चकोल्याच, आणि वरण गोड नव्हे, चांगलं झणझणीत. सामिष मंडळींनी शिल्लक पोटावर विजापूर वेशीत कबाबाचाही विचार केला होता. रमजानमध्ये तिथला रात्रीचा बाजार बघण्यासारखा असतो. पण पोटाने नकार दिला.

रविवार: पूर्व भागातली इडली

रविवारी सकाळी साडेसहाला बाबांनी विचारलं, ‘इडलीला कोण कोण?’ बाबांचा हा वर्षानुवर्षांचा नेम. पूर्व भागात जायचं, गाड्यावर इडली खायची.

सोलापुरात इडली कुठून आली? तर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची कित्येक कुटुंबं इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. तेलुगू बोलतात, मार्कंडेयाचा रथ काढतात, बतुकम्मा खेळतात. चादर आणि टॉवेल म्हणून जे सोलापूर जगाला माहीत आहे, त्यातला केवढा तरी वाटा त्यांच्या मागांचा. पूर्व भागात हिंडताना गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट आणि कोपऱ्यावर इडलीच्या वाफा. मऊसूत इडली, पातळ चटणी, गाड्याभोवती उभ्याने खायची. दोन प्लेटी कधी संपतात कळत नाही.

इडलीवाला बाबांवर जरा चिडलेलाच होता. ‘काय मालक, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. आज नसता आला तर घरी येणार होतो बे मी.’

‘पोरं येणार होती म्हणून बाजारहाट,’ बाबा म्हणाले.

‘सांगून जायचं की मग.’

माझ्या भावाने इडली खाणं थांबवलं होतं. मीही. आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही लिफ्ट मोजली होती, जनरेटर मोजला होता. दोन दिवस दिसला नाहीत म्हणून रागावणारं माणूस ब्रोकरच्या लिस्टमध्ये नसतं.

परतताना बाबा गँगला गिरण्यांच्या गोष्टी सांगत होते. इथली पहिली कापडगिरणी १८७७ ची. मग एकामागून एक गिरण्या. भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे, प्रत्येकाच्या फडक्यात भाकरी आणि चटणी. बाबांची गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. तेव्हा बाबा चाळिशीत, मी शाळेतही जात नव्हते. पुढे त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिले आणि आईने कडक भाकऱ्या करून विकल्या. माझ्या इंजिनीअरिंगची पहिली फी भाकरीच्या पैशांतून गेली, हे मला माहीत होतं. दिल्लीला नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

ज्वारीचं गणित

दुपारच्या जेवणाआधी थोडं ज्वारीबद्दल, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, वर पाऊस जवळपास नाहीच. काळ्या जमिनीने जी ओल धरून ठेवलेली असते, तिच्यावर पीक उभं राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. ‘मालदांडी ३५-१’ हे वाण आमच्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलं गेलं आणि अजून शेतात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून पुण्याच्या मॉलमध्ये ज्वारीचे क्रॅकर्स दिसायला लागले. मी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. कडक भाकरीच ती, फक्त छोटी आणि महाग.

रविवार दुपार: तहाची बोलणी

जेवायला आमरस, शेंगापोळी आणि मागच्या वर्षीच्या उरलेल्या शेवटच्या कुरडया तळलेल्या. शेंगापोळी म्हणजे दाण्याचा कूट आणि गूळ यांचं सारण भरलेली पोळी, वर तुपाची धार. गँग जेवून आडवी झाली आणि भावाने एकदाचा विषय काढला. फ्लॅट, लिफ्ट, हॉस्पिटल, मागच्या वर्षीची चक्कर, सगळं. आई ऐकत होती आणि दाणे निवडत होती.

‘कधी यायचं म्हणता?’

‘निदान उन्हाळाभर तरी ये ना, आई. मार्च ते मे.’

आई हसली. ‘उन्हाळाभर? अरे, वर्षाचं सगळं मी त्याच तीन महिन्यांत करते. माझं घर, तुझं घर, हिचं घर, शिवाय गिऱ्हाइकं. पावसाळ्यात बोलव, दोन महिने येते. तेव्हा इथं मला काम नसतं.’

‘पण धोका उन्हाळ्यात आहे ना! बाबांना...’

‘मग उन्हाळ्यात तुम्ही या की.’

एवढंच म्हणाली. रागाने नाही, सहज. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. खरं तर अशक्य काय होतं? मला आठवड्यात दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं, ते एकत्र करून मागता येतात. भावाचं काम तर पूर्ण घरूनच. बाबा एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘मी बारा ते चार बाहेर पडणार नाही. लिहून देतो पाहिजे तर.’ आई म्हणाली, ‘लिहून नको. बँकेचं काम फोनवर करायला शिका.’

मग दिवाणखान्यात चक्क प्लॅनिंग मीटिंग झाली. झोपेतून उठलेली दिल्ली प्रोजेक्ट मॅनेजर आहे, तिने कागदच पुढे घेतला. एप्रिलचा पहिला पंधरवडा भाऊ, दुसरा मी. मेचा पहिला मी, दुसरा भाऊ. मार्चमध्ये शेजारच्या काकूंचा मुलगा संध्याकाळी डोकावणार. बँक आणि औषधं सकाळी नऊच्या आत. पाण्याची बाटली आणि टोपी कायम पिशवीत. रसवंतीवाला आणि इडलीवाला, दोघांचे नंबर आमच्या दोघांच्या फोनमध्ये, आमचे त्यांच्याकडे. जुलै-ऑगस्टला आई-बाबा पुण्यात. फ्लॅटच्या ब्रोकरला भावाने तिथूनच मेसेज टाकला.

सगळे प्रश्न सुटले असं नाही. बाबा पंचाहत्तरचे होतील, ऐंशीचे होतील. सोलापूरचं ऊन काही कमी होणार नाही. माझा मॅनेजर बदलेल, पॉलिसी बदलेल. दोन वर्षांनी हा कागद पुन्हा मांडावा लागेल, आणि तेव्हा आई कदाचित वेगळं म्हणेल. पण पुढचा उन्हाळा ठरला.

संध्याकाळी निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. दोन डझन कडक भाकऱ्या, पाव किलो चटणी. सदाशिवने पैसे काढले. आईने ते घेतले, मोजले आणि सुटे परत दिले. ‘घरच्या पाहुण्याकडून जेवणाचे घेत नाही, भाकरीचे घेते. तो माझा धंदा आहे.’

तुम्हीही येणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एसीच्या डब्यातून उतरल्या उतरल्या उन्हात धावू नका. दुपारी झोपा. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर खा. आणि ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर कुरडया पडणार असतील तर वशिला लावा, चिकाची वाटी सोडू नका.

माझ्या पंधरवड्याबद्दल आईने एकच अट घातली. गाडी सुटता सुटता खिडकीतून सांगितली.

‘लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसायचं नाही. कुरडयांवर सावली पडते.’